भुकेलं दार

या वर्षी सप्टेंबर लागला तरी पाऊस नव्हता, आणि आमचं वरचं दार गळत होतं.

घराचं नाही, नदीचं. आमच्या स्तारा ओल्शात नदीच्या मधोमध एक दगडी हौद आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना ओकच्या लाकडाची जाडजूड दारं. वरून होडी आली की तिला हौदात घ्यायचं, वरचं दार लावायचं आणि झडपा उचलून पाणी खाली सोडायचं. होडी बसल्या जागी दोन पुरुष खाली उतरते. मग खालचं दार उघडायचं आणि म्हणायचं, सांभाळून जा. याला श्लुझा म्हणतात. हौदाच्या दगडावर १८२९ कोरलंय आणि तेव्हापासून इथं कोणी ना कोणी हे करत आलंय. माझ्या जन्माच्या आधीपासून माझे बाबा करतात.

दाराला दोन पाखं आणि प्रत्येक पाखाला झाडाच्या खोडाएवढा दांडा आहे. तो हातांनी ढकलायचा नसतो. त्याला बूड टेकवायचं, टाचा दगडांच्या खाचेत रोवायच्या आणि मागे मागे चालायचं. बाबांच्या सगळ्या पँटी आधी मागून फाटतात. आई ठिगळ लावताना म्हणते, "या माणसानं आख्खं आयुष्य उलटं चालत काढलं."

मी माल्विना, वय पंधरा. गेल्या वर्षापर्यंत दुकानात जाऊन साधं यीस्ट मागायलाही मी लाजायचे. या वर्षी काय झालं कोण जाणे, तोंड उघडलं ते मिटेचना. आई म्हणते, हिची झडप वर अडकलीय.

तर दार गळत होतं. लाकूड जुनं झालं की दोन पाखं जिथं मिळतात तिथं फट पडते आणि पाणी रात्रंदिवस हौदात शिरत राहतं. एरवी नदी भरलेली असली की कोणी लक्ष देत नाही. पण या उन्हाळ्यात नदीच एवढी बारीक झाली होती की वरून येई थेंब आणि दारातून जाई धार. पाणी मोजायची पट्टी रोज वाचून वहीत लिहायचं काम माझं. रोज एक बोट कमी.

पूर्वी यावर उपाय होता. आमच्या गावात म्हणतात, दार भुकेलं झालं की त्याला जेवू घालावं. वरच्या अंगानं फटीजवळ राख सोडायची. पाणी तिला आत ओढतं, ती फटीत अडकून बसते आणि गळती थांबते. बाबा दर वर्षी घालायचे. पण गेल्या वर्षी त्यांनी वहीत 'दुरुस्ती'च्या रकान्यात सरळ लिहिलं, "दाराला जेवू घातलं, दोन बादल्या." तीन आठवड्यांनी नदीखात्याच्या कचेरीतून पत्र आलं. सरकारी आवारात कोणतं जनावर पाळलं आहे, त्याची परवानगी कोणी दिली आणि चारा कुठून येतो, याचा लेखी खुलासा करावा.

पोस्टमननं ते पत्र दुकानासमोर वाचून दाखवलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून सगळे बाबांना विचारू लागले, "काय विटोल्ड, दार दूध किती देतं?"

बाबा हसले नाहीत. बाबा मुळातच कमी बोलतात. त्या दिवसापासून त्यांनी ते शब्द टाकले आणि राखेची बादलीही टाकली. कचेरीनं पाठवलेला कसलासा पिवळा फेस त्यांनी फटीत भरला. आठवड्यात तो सुटून बदकासारखा तरंगत खाली गेला.

आणि या सप्टेंबरात एका शनिवारी दुसरं पत्र आलं. शुक्रवारी इंजिनियर बाई पाहणीला येणार. पट्टीवर पाणी लाल रेघेच्या, म्हणजे एकशे दहाच्या खाली असलं तर श्लुझा बंद करून समोर फळ्या ठोकायच्या. नवी दारं होतील तेव्हा होतील. तोवर कर्मचाऱ्यानं शहराजवळच्या सिमेंटच्या बंधाऱ्यावर पहारेकरी म्हणून हजर व्हावं. राहतं घर कुलूप लावून सोपवावं.

"आज किती आहे?" आईनं विचारलं.

"एकशे तेरा," मी म्हणाले.

आईनं बोटं मोजली, शुक्रवारपर्यंतची. मग पदार्थ करपल्यासारखी गॅसकडे वळली. गॅसवर काहीच नव्हतं.

बाबा म्हणाले, "तिथं बटणं असतात. दाबली की दार वर जातं." एवढंच बोलून ते बाहेर गेले आणि दांड्यावर बसून राहिले.

"आपण दाराला जेवू घालू," मी आईला म्हणाले.

"कशानं? सप्टेंबरात राख कुठं मिळते? सगळ्यांकडे गॅस आहे. घर तापवायच्या शेगड्या नोव्हेंबरात पेटतात."

ते खरं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणाजवळचं प्लमचं झाड निळ्या फळांनी वाकलेलं. दुष्काळानं फळं बोराएवढीच झाली होती, पण लवकर पिकली होती आणि साखरेसारखी गोड. गावभर हेच. म्हणजे येत्या आठवड्यात घरोघर जॅम शिजणार. साखर न घालता दोन-तीन दिवस आटवायचा, काळाकुट्ट होईपर्यंत. हल्ली तो गॅसवर करतात. पण तांब्याच्या कढया अजून सगळ्यांच्या माळ्यावर आहेत!

रविवारी प्रार्थनेआधी मी चर्चच्या मागच्या खोलीत फादरना गाठलं. ते झगा चढवत होते आणि डोकं बाहीत अडकलं होतं.

"फादर, आज सूचना सांगताना एक सांगाल? सगळ्यांनी जॅम लाकडावर शिजवावा आणि राख श्लुझावर आणून द्यावी."

बाहीतून आवाज आला, "कोण आहे?"

"विटोल्डची माल्विना."

"ती तर बोलत नाही."

"आता बोलते."

त्यांचं डोकं बाहेर आलं, केस उभे. "मुली, राख मी वर्षातून एकदा लावतो, उपवास सुरू होतात त्या बुधवारी. तू सप्टेंबरात मागतेस?"

"तुम्ही डोक्याला लावता, मला दाराला लावायचीय."

ते एवढे हसले की खोकला लागला. मग मी पत्राचं सांगितलं तेव्हा हसू थांबलं. सूचनांमध्ये, सापडलेल्या चष्म्यानंतर आणि छपराच्या दुरुस्तीआधी, त्यांनी सांगितलं, "या आठवड्यात जॅम लाकडावर शिजवा. चव बरी येते. आणि राख विटोल्डच्या दाराला द्या, नाहीतर विटोल्ड जाईल."

बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांचे कान लाल झाले. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. फाटकापाशी म्हणाले, "विचारायचंस तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारायचंस."

सोमवारपासून गावावर धूर. प्रत्येक अंगणात विटा मांडलेल्या, वर कढई, आणि बाया वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्यांनी ढवळतायत. शाळेच्या बसमधून उतरले की मी एकेका कुंपणावरून डोकावायचे आणि मला ढवळायला जुंपलं जायचं. लुत्सिना काकूंचा जॅम गावात पहिला. त्या मला पळी द्यायच्या आणि स्वतः उभ्या राहून सांगायच्या, "तळापासून! तळापासून! जॅम आहे, नवरा नाही, वरवर कुरवाळून चालणार नाही."

इकडे बाबांनी वरचं दार उघडणं बंद केलं. एकदा उघडलं की हौदभर पाणी खाली जातं. पण कायाकवाले, छोट्या निमुळत्या होड्या वल्हवत येणारे पर्यटक, यायचे थांबले नव्हते. मग बाबा आणि आई त्यांचे कायाक पाण्याबाहेर काढून खांद्यावरून श्लुझाला वळसा घालून खाली नेऊन ठेवत. दिवसाला वीस-वीस. मंगळवारी एक काळ्या चष्म्याचा माणूस आईला म्हणाला, "श्लुझा बघायला आलो आणि हमाली बघतोय." बाबांनी त्याचा कायाक उचलला, त्याची थंड पेयांची पेटीसुद्धा. माणूस मागून रिकाम्या हातानं चालला. पायरीवर बाबांचा गुडघा दुमडला. ते पडले नाहीत, फक्त एका हातानं दगड धरून क्षणभर तसेच राहिले, दुसऱ्या हातानं त्या माणसाची होडी सांभाळत. मी ते पट्टी वाचताना पाहिलं. पट्टीवर एकशे दहा होतं.

संध्याकाळी आई त्यांच्या खांद्याला कापूर घातलेलं स्पिरिट चोळत होती. खांदा प्लमसारखा निळा.

"बंधाऱ्यावर हे नसेल," आई म्हणाली. "खुर्ची असेल."

"असेल."

"हवीय का खुर्ची?"

"चोळ," बाबा म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी दप्तर भरलंच नाही.

"शाळा?" आई.

"पोट दुखतंय."

"कोणाचं?"

"दाराचं."

आईनं माझ्या पावात जॅम भरला. पट्टीवर एकशे आठ.

आठ वाजल्यापासून बाया यायला लागल्या. आणि काय थाटात! राख बिस्किटांच्या डब्यांत, झाकणाच्या बरण्यांत, एकीनं तर इस्त्री केलेल्या फडक्यात गाठोडं बांधून आणलेली. लुत्सिना काकूंची राख पिठासारखी पांढरी, मऊ. बोट घातलं तर रेशीम. दुकानासमोरचे पुरुषही आले, पण ते फक्त बघायला आणि खांबाला टेकून उभे राहायला.

बाबा दारावरच्या अरुंद फळीवर पोटावर झोपले. आईनं त्यांचा पट्टा मागून धरला. लांब काठीला बांधलेल्या डब्यातून ते राख पाण्याखाली फटीजवळ नेऊन हळूच पालथी करत होते. मी डबे पुढे करत होते. एक, दोन, पाच, अकरा.

पलीकडे रिकाम्या हौदात फटीतून येणाऱ्या धारा हळूहळू पांढऱ्या झाल्या. बारीक झाल्या नाहीत, फक्त पांढऱ्या. सगळी राख आत जाऊन बाहेर पडत होती. हौदाचा तळ ताकासारखा दिसायला लागला.

"अरे!" खांबाजवळून कोणीतरी ओरडलं. "दूध द्यायला लागलं की!"

पुरुष हसले. खरं सांगते, मला काठी घेऊन धावावंसं वाटलं.

तेवढ्यात प्राक्सेदा आजी तिच्या एनॅमलच्या तुटक्या बादलीसह पोचली. ती गावात सगळ्यात म्हातारी. तिचे वडील बाबांच्या आधीच्याही आधी इथं दांडा ढकलायचे. तिनं बिस्किटाच्या डब्यात हात घातला, चिमूट चोळली आणि डोळे बारीक केले.

"ही चाळली कोणी?"

"सगळ्यांनीच," लुत्सिना काकू अभिमानानं म्हणाल्या. "दोनदा. मी तर पुडिंगच्या चाळणीतून."

"का गं?"

"आजी, सरकारी दार आहे. बाहेरची बाई बघायला येणार. कोळशाचा कचरा कसा घालायचा? गावाचं नाव जाईल."

"आणि कचरा कुठंय?"

"फेकला."

प्राक्सेदा आजीनं आधी आकाशाकडे पाहिलं, मग लुत्सिना काकूंकडे. "मूर्ख बायांनो, दाराला काय केक भरवताय?"

कोणी हसेना. एका बाईनं हातातल्या बरणीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. लुत्सिना काकूंची हनुवटी थरथरायला लागली. तीन दिवस धुरात उभ्या होत्या त्या.

बाबा फळीवर तसेच पडून होते. गाल दांड्याला लावून, डोळे मिटून. मला वाटलं रडतायत की काय. मग कळलं, ते ऐकतायत. लाकडातून पाण्याचा आवाज येतो, कुठली फट मोठी, कुठली बारीक, ते त्यांना त्यावरून कळतं.

बाबा उठून बसले. गालावर दांड्याच्या लाकडाच्या रेघा उमटलेल्या.

"लुत्सिना, तुझी राख चांगली आहे," ते म्हणाले. "ती शेवटी लागेल. पण याला इतके दिवस उपाशी ठेवलंय मी. आधी चावायला काहीतरी द्या." मग सगळ्यांकडे बघत, चांगल्या मोठ्या आवाजात, "बिया कुठं टाकल्यात?"

"कसल्या बिया?"

"प्लमच्या! दहा-वीस मण प्लम शिजवलेत गावानं. बिया गेल्या कुठं?"

मग जी पळापळ झाली! लुत्सिना काकू पदर नसलेली बाई, पण पदर खोचल्यासारख्या धावल्या. बिया कोंबड्यांच्या आवारात होत्या. कोंबड्या हाकलून आम्ही त्या फावड्यानं भरल्या. फेकलेले कोळसे कुठं झुडपांच्या बुंध्याशी, कुठं खतात, कुठं रस्त्याच्या खड्ड्यात. मघाशी इस्त्रीचं फडकं घेऊन आलेली बाई गुडघ्यांवर बसून हातांनी कोळसे वेचत होती, आणि खांबाला टेकलेल्या पुरुषांना ओरडत होती, "हसून झालं असेल तर वाका जरा!" ते वाकले. मला तो दिवस तेवढ्यासाठीही आवडतो.

आधी बिया. त्या काठीच्या डब्यातून खाली गेल्या आणि टक-टक असा आवाज लाकडातून वर आला. फटीनं ओढून घेतल्या त्या. मग कोळसे, मोठे, मग बारीक. प्राक्सेदा आजीची न चाळलेली बादली. हौदाच्या बाजूला मी उलटी लटकून धारा मोजत होते. मनगटाएवढी होती ती बोटाएवढी झाली. बोटाची करंगळी झाली. "अजून! अजून!" मी ओरडत होते. शेवटी लुत्सिना काकूंची पांढरी राख, बाबांनी ती मूठ-मूठ सोडली, काकूंच्या देखत.

धारेचे थेंब झाले. थेंबही विचार करून पडायला लागले.

इतकी शांतता त्या जागी मी कधी ऐकली नव्हती. आईनं बाबांचा पट्टा अजूनही सोडला नव्हता.

शुक्रवारी सकाळी पट्टीवर एकशे अकरा.

इंजिनियर बाई नऊ वाजता आल्या. करड्या रंगाची गाडी, केस मागे बांधलेले, हातात टाचणवही, नाव ग्रोडेत्स्का. त्यांनी हौदात वाकून पाहिलं, दारावर हात फिरवला, पट्टीजवळ उकिडव्या बसल्या.

"एकशे अकरा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं. ठीक आहे, रेघेच्या वर आहे." आणि पेनचं टोपण काढलं.

मी आईचा हात दाबला. आईनं माझा. आणि तेव्हा बाबा बोलले. वर्षभर गप्प बसणारे माझे बाबा नेमके तेव्हा बोलले!

"बाई, आकडा खरा आहे, पण दार बंद आहे म्हणून. उघडलं की ते पुन्हा गळणार."

मला त्यांना नदीत ढकलावंसं वाटलं.

बाईंनी पेन थांबवलं. "म्हणजे? फटीत काय भरलंय?"

"भरलं नाही," बाबा म्हणाले. त्यांचे कान परत लाल, पण मान ताठ. "जेवू घातलंय. बिया, कोळसा, राख. आमच्याकडे असंच म्हणतात. उघडलं की सांडतं, लावलं की परत घालावं लागतं."

"किती वेळ लागतो?"

"अर्धा तास. माणसं असली तर."

"आहेत?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. कुंपणाबाहेर लुत्सिना काकू, फादर, इस्त्रीवाली बाई, दुकानासमोरचे चौघे, सगळे बादल्या घेऊन उभे होते. बोलावलं कोणीच नव्हतं. आणि बादल्यांत बियाही होत्या, आणि राख काळी होती, ढेकळांची, न चाळलेली.

बाईंनी घड्याळ काढलं. "उघडा. न उघडणारं दार बघून मी काय लिहू?"

आधी हौद भरायला हवा होता. बाबांनी झडपांचं हँडल फिरवलं, पाणी आत घुसलं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली. मग बाबांनी डाव्या दांड्याला पाठ लावली, मी उजव्याला. टाचा खाचेत. मागे, मागे. दार कण्हलं आणि उघडलं. बिया, कोळसा, सगळं फटीतून सुटून पाण्यावर, पाण्याखाली पसरलं. काल दिवसभराचं काम! तीन कायाक आत आले, आम्ही दार लावलं, त्यांना खाली उतरवलं, सोडलं. आणि रिकाम्या हौदात पुन्हा मनगटाएवढी धार.

"घड्याळ लावलंय," बाई म्हणाल्या.

कोणी कोणाला काही सांगावं लागलं नाही. बादल्या हातोहात आल्या. बाबा पोटावर, आईच्या मुठीत पट्टा. बिया, कोळसा, राख. फादरनी झग्याच्या बाह्या वर केल्या होत्या. मध्येच एकदा डबा सुटून पडला तर बाईंनीच वाकून तो मला दिला. त्यांची बोटं काळी झाली, त्यांनी ती पुसली नाहीत.

"सव्वीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

थेंब. मग थेंबही नाही.

त्या बराच वेळ दांड्याला टेकून लिहीत होत्या. मग वही बाबांसमोर धरली. मी बाबांच्या काखेखालून डोकं घालून वाचलं. "दिवसातून एकदाच, दुपारी बारा वाजता, सगळ्या होड्या एकत्र घेऊन. नंतर लगेच दाराला जेवू घालावं. नव्या दारांची मागणी केली आहे, कधी मिळतील सांगता येत नाही. कर्मचारी बदलू नये." आणि खाली, एका रेघेवर एकटाच शब्द: "चालू."

बाबांनी सही केली. कागदावर त्यांच्या अंगठ्याचा पूर्ण काळा ठसा उमटला. बाई म्हणाल्या, राहू दे.

गाडी गेली. बाया जॅमचं बोलायला लागल्या. बाबा बूट काढायला गवतावर बसले, एक बूट काढला आणि दुसरा काढायच्या आधी आडवे झाले. मी त्यांना हलवायला गेले तर आई म्हणाली, "असू दे."

बारा वाजता वळणावरून कायाक आले, सात. आईनं डाव्या दांड्याला पाठ लावली. स्कर्ट वर खोचला, बूड टेकवलं आणि माझ्याकडे बघून हसली, मुलीसारखी. मी झडपा उचलल्या. पाणी गर्जना करत हौदात कोसळलं, दगड हादरले, कायाकवाली मुलं आनंदानं ओरडली. मी बाबांकडे पाहिलं.

एक बूट घातलेले बाबा, तोंड उघडं, गाढ झोपले होते.